जुन्या शहरातली कॉफी, बेकरी आणि गोडाची दुकानं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऐतिहासिक भागातली दुकानं मुळात दुकानं म्हणून बांधलेलीच नसतात. कुणाचं तळघर, कुणाची घोड्यांची पागा, कुणाच्या घराची ओसरी. जागा लहान, म्हणून भट्टी लहान, म्हणून माल थोडा आणि लवकर संपणारा. पुढची निम्मी उत्तरं या एकाच गोष्टीतून निघतात.

सकाळी किती वाजता निघावं?

बेकरी उघडल्यापासून पहिल्या दीड तासात तिथे पोचा. आदल्या दिवशी मळून रात्रभर थंडीत ठेवलेलं पीठ पहाटे भट्टीत जातं आणि दुकान उघडताना पहिली खेप काउंटरवर येते. लोण्याच्या पापुद्र्यांचे पदार्थ त्या पहिल्या दोन-तीन तासांतच खरे. दुपारी तीनला तोच क्रोसाँ (लोण्याच्या पापुद्र्यांचा पाव) हवेतली ओल शोषून मऊ पडलेला असतो, आणि दुकानदाराने त्यात काही लबाडी केलेली नसते. मोठे पाव थोडे उशिरा घेतले तरी चालतात, कारण ते भट्टीतून निघाल्यावर निवायला एक-दोन तास लागतातच.

कॉफीचं गणित उलटं आहे. ऑफिसला जाणाऱ्यांच्या गर्दीत बरिस्टाला (कॉफी बनवणाऱ्याला) श्वास घ्यायला फुरसत नसते. तेव्हा दळण तपासलं जात नाही आणि दूध घाईत तापवलं जातं. दहानंतर, गर्दी ओसरली की जा. कस्टर्ड, मूस, चीजकेक असे थंड करून घट्ट होणारे पदार्थ दुपारी तीन ते पाचच्या दरम्यान खाल्लेले बरे. त्यातले बरेच सकाळी बनवलेले असतात आणि त्यांना नीट बसायला चार ते सहा तास लागतात.

एका दिवसात किती ठिकाणं होतात?

चार. पाचवं ठिकाण यादीत असतं, पोटात जात नाही. एक बेकरी, दोन कॉफीची दुकानं, एक गोडाचं, असं ठेवलं तर प्रत्येक ठिकाणची चव वेगळी लक्षात राहते. दोघांनी मिळून एक पदार्थ घ्या आणि सुरी मागून घ्या. हाताने तोडलेल्या टार्टचा चुरा होतो आणि आतले थर दिसत नाहीत.

प्रत्येक ठिकाणी ३० ते ४० मिनिटं धरा, गर्दीच्या दिवशी रांगेची १५ मिनिटं वेगळी. सपाट रस्त्यावर माणूस मिनिटाला ७५-८० मीटर चालतो. दगडी फरसबंदीवर ५०-६० धरा. नकाशात सहा मिनिटं दाखवणारी वाट चढ आणि पायऱ्या असल्या की दहाची होते. मधे खारट काहीतरी खा आणि दर ठिकाणी पाणी प्या. सलग तीन गोड पदार्थांनंतर जीभ साखरेपलीकडे काही सांगत नाही.

दुकानं निवडायची कशी? रेटिंग बघावं का?

बघा, पण सरासरी आकडा बाजूला ठेवून गेल्या दोन-तीन महिन्यांतले अभिप्राय वाचा. आचारी बदलला की बेकरी बदलते, जुने तारे मात्र तसेच चमकत राहतात. पदार्थाचं नाव घेऊन लिहिलेला अभिप्राय उपयोगाचा. ‘छान वातावरण’ लिहिलेला फोटो काढायला जाणाऱ्यांसाठी.

दुसरी खूण यादीची लांबी. वीस चौरस मीटरच्या दुकानात चाळीस प्रकारचे केक असतील, तर ते तिथे बनत नाहीत एवढं नक्की. आठ-दहा पदार्थ आणि दुपारपर्यंत त्यातले निम्मे संपलेले, ही चांगली लक्षणं.

मुख्य चौकातलं दुकान वाईटच असतं असं नाही. पण तिथलं भाडं पर्यटकांच्या एकदाच्या खरेदीवर निघतं. दोन गल्ल्या आत असलेल्या दुकानाला रोजचं गिऱ्हाईक सांभाळावं लागतं, आणि रोजचं गिऱ्हाईक शिळं खपवून घेत नाही.

पाटीवर ‘स्थापना १८८०’ लिहिलंय. विश्वास ठेवावा?

आधी हे साल कशाचं, ते विचारा. इमारतीचं, धंद्याच्या नावाचं, मूळ कुटुंबाचं की पाककृतीचं? चारही वेगळी असू शकतात. नाव विकत घेऊन नवा मालक दुकान चालवतो, भट्टी गावाबाहेर हलवतो, पाटी तीच ठेवतो. यात बेकायदेशीर काही नाही, फक्त चवीचा पुरावा म्हणून ती पाटी कामाची नाही.

कॉफीबाबत असा दावा तपासणं सोपं आहे. वाफेच्या दाबावर कॉफी काढणाऱ्या यंत्राचं पेटंट तुरीनच्या आंजेलो मोरिओंदो यांनी १८८४ मध्ये घेतलं. एकेक कप वेगळा काढणारं यंत्र लुइजी बेझ्झेरा यांनी १९०१ च्या सुमारास आणलं. पण त्या यंत्रांचा दाब जेमतेम दीड-दोन बार (दाबाचं एकक) होता. एस्प्रेसोवरचा (दाबाखाली काढलेल्या छोट्या, दाट कॉफीवरचा) तपकिरी दाट फेस, म्हणजे क्रेमा, दुसऱ्या महायुद्धानंतर आकिल्ले गाज्जिया यांच्या दांड्याच्या यंत्रांबरोबर रुळला. तेव्हा ‘१८८० पासून तोच एस्प्रेसो’ असं कुणी सांगितलं, तर हसून कॉफी प्या. चांगली असेलही.

माल तिथेच भाजलाय की बाहेरून आलाय, हे कसं ओळखायचं?

नाकाने सुरुवात करा. भट्टी चालू असेल तर लोण्याचा आणि भाजक्या पिठाचा वास दारापर्यंत येतो. मग मागच्या बाजूला नजर टाका: पिठाची पोती, चाकांवरचे उंच रॅक, पिठाने पांढरे झालेले ॲप्रन. शेवटची खूण खुद्द मालात असते. हाताने वळलेले क्रोसाँ एकमेकांसारखे दिसतात, पण एकाच साच्यातून काढल्यासारखे नसतात.

बाहेरून आलेला माल म्हणजे फसवणूक, असं मात्र समजू नका. संरक्षित इमारतीत धुराड्यासाठी भिंत फोडायला किंवा छपरावर नळी काढायला परवानगी मिळणं अवघड असतं. दगडी थरांची विजेवरची भट्टी शेकडो किलोंची असते आणि तिला थ्री-फेज जोडणी लागते. जुनी लाकडी जमीन आणि जुनी वायरिंग दोन्ही ते पेलत नाहीत. त्यामुळे बरेच चांगले बेकरीवाले मुख्य भट्टी दुसरीकडे ठेवतात आणि दुकानात फक्त शेवटचं भाजतात. विचारायचा प्रश्न असा: ‘मळलेलं पीठ तुमचं आहे का?’ पीठ त्यांचं असेल तर भट्टी कुठे आहे याने फारसा फरक पडत नाही. कारखान्यातून गोठवून आलेलं पीठ असेल, तर उत्तर बहुधा लांबलचक मिळतं.

चांगला क्रोसाँ ओळखायचा कसा?

आधी उचला. आकाराच्या मानाने हलका लागायला हवा. नेहमीच्या आकाराचं वजन ६० ते ९० ग्रॅम. रंग गडद सोनेरी, कडांना जवळजवळ तपकिरी. फिकट क्रोसाँ अर्धकच्चा असतो, आणि तो फिकट ठेवण्याचं कारण बहुतेक वेळा ‘गिऱ्हाइकाला करपलेला वाटतो’ हेच.

मग मधोमध कापा. आत मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी आणि मधून गोल फिरत गेलेले थर दिसले पाहिजेत. पीठ आणि लोणी एकात एक ठेवून तीन पदरी घडी तीनदा घातली, की लोण्याचे २७ थर होतात. हे थर सुटे राहायला लोणी लवचीक हवं, वितळलेलं नको. लाटताना ते साधारण १३ ते १६ अंश सेल्सिअसला ठेवतात. बिघडतं ते इथेच:

– आत जाळी नाही, साध्या पावासारखा मऊ गाभा: लाटताना लोणी गरम होऊन पिठात जिरलं.
– लोण्याचे तुकडे पडलेले, थर तुटक: लोणी फार थंड होतं, लाटताना त्याचे तुकडे झाले.
– तळाशी तेलकट, जड, खाली लोणी तळल्यासारखं: फुगवताना जागा फार गरम होती. २६-२८ अंशांच्या वर गेलं की लोणी मऊ पडून गळायला लागतं.
– मधे ओलसर, चिकट रेषा: भट्टीतून लवकर काढला.

वरून पिठीसाखर, चॉकलेट, बदामाचा लेप असला की यातलं काहीच दिसत नाही. आदल्या दिवशीचे क्रोसाँ साखरपाण्यात बुडवून, बदामाचं क्रीम भरून पुन्हा भाजायची जुनी रीत आहे आणि पदार्थ झकास लागतो. पण बेकरीची परीक्षा घ्यायची तर साधाच घ्या.

कॉफी कोणती मागवावी?

दुकान पारखायचं असेल तर एस्प्रेसो. बसून गप्पा मारायच्या असतील तर काहीही.

दुहेरी एस्प्रेसोचं नेहमीचं माप: १८ ते २० ग्रॅम दळलेली कॉफी, त्यातून ३६ ते ४० ग्रॅम पेय, २५ ते ३० सेकंदांत, सुमारे ९ बार दाबावर, ९० ते ९६ अंशांच्या पाण्याने. काउंटरवर छोटा वजनकाटा दिसला तर समजा इथे कुणीतरी मोजतंय. दळणयंत्र मागणीनुसार चालू होतंय का, तेही ऐका. सकाळीच दळून डब्यात भरून ठेवलेल्या कॉफीचा वास दुपारपर्यंत उडालेला असतो.

चव आंबट, पातळ आणि लगेच संपणारी असेल, तर पाणी कॉफीतून फार भरकन गेलं: दळण जाड किंवा कॉफी कमी. कडू, कोरडी, जिभेला कुरतडणारी असेल तर उलट: दळण बारीक, वेळ जास्त. जळकट कडूपणा मात्र बहुतेकदा बियांच्या गडद भाजणीचा असतो, नाहीतर न धुतलेल्या यंत्राचा. वाफेच्या नळीवर वाळलेलं दूध दिसलं तर कॅपुचिनो मागवू नका.

दुधाच्या कॉफीत तापमान सगळ्यात महत्त्वाचं. दूध ५५ ते ६५ अंशांपर्यंत तापवलं की गोडसर लागतं, ७० च्या पुढे उकळलेल्या दुधाचा वास येतो. ‘एकदम कडक गरम द्या’ म्हटलं की बरिस्टाचा चेहरा उतरतो तो यामुळे. मागण्याचा हक्क तुमचा आहेच.

गाळून केलेली कॉफी मागवली तर चार-पाच मिनिटं थांबावं लागतं. लिटरला साधारण ६० ग्रॅम कॉफी हे माप. तिची चव थोडी निवल्यावर उघडते, त्यामुळे पहिला घोट घेऊन मत बनवू नका.

कॉफी चांगली नसेल तर परत द्यावी का?

अर्ध्याहून कमी प्यायली असेल तर जरूर सांगा. ‘वाईट आहे’ म्हणण्यापेक्षा ‘फार आंबट लागतेय’ किंवा ‘कोमट आहे’ असं सांगितलं तर ती दुरुस्त करता येते. पूर्ण संपवून तक्रार केली तर कुणाचाच फायदा होत नाही.

दिवसभरात किती कॉफी चालते?

युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१५ मध्ये दिलेल्या मतानुसार निरोगी प्रौढांनी दिवसाला ४०० मिलिग्रॅम कॅफिनपर्यंत आणि एका वेळी २०० मिलिग्रॅमपर्यंत घेतलेलं चालतं. गरोदर स्त्रियांसाठी दिवसाची मर्यादा २०० मिलिग्रॅम. एकेरी एस्प्रेसोत ६० ते ६५ मिलिग्रॅमच्या आसपास कॅफिन असतं, गाळलेल्या मोठ्या कपात ९० ते १२० किंवा जास्तही. कपाच्या आकारावर जाऊ नका. ‘साधी काळी कॉफी’ म्हणून घेतलेला मोठा मग एस्प्रेसोला सहज मागे टाकतो.

शरीरातलं निम्मं कॅफिन जायला साधारण पाच तास लागतात. चारला घेतलेल्या कॉफीचा निम्मा जोर रात्री नऊला शिल्लक असतो. तिसऱ्या दुकानात डिकॅफ (कॅफिन काढलेली कॉफी) मागवा; बऱ्या दुकानात ती आता गाळासारखी लागत नाही.

जेलातो आणि आइस्क्रीम घेताना काय बघायचं?

जेलातो म्हणजे इटालियन पद्धतीचं आइस्क्रीम. आधी रंग. पिस्त्याचा जेलातो मळकट हिरवा-तपकिरी असतो, पोपटी नव्हे. केळ्याचा पांढुरका किंवा करडा, पिवळा नव्हे. मग ढीग बघा. डब्याच्या काठाच्या वर डोंगरासारखा रचलेला जेलातो थंड हवेच्या पट्ट्याबाहेर असतो. तो तसा उभा राहायचा तर त्यात स्थिर ठेवणारे घटक नाहीतर वनस्पती तेल भरपूर असावं लागतं. झाकणाच्या डब्यांतून काढून देणारं दुकान दिसायला नीरस, पण बहुधा चांगलं.

जेलातो साधारण उणे १२ ते उणे १४ अंशांवर वाढतात, आइस्क्रीम उणे १८ च्या आसपास साठवतात. जेलातोत हवाही कमी घुसळलेली असते, म्हणून तो दाट लागतो आणि चव लगेच कळते. दाताखाली बर्फाचे कण आले, तर तो बहुधा एकदा वितळून पुन्हा गोठलाय. चव बघायला चमचा मागता येतो. दोन चमच्यांपर्यंत ठीक, आठ चव बघून एक स्कूप घेणाऱ्यांमुळेच रांग लांबते.

भरलेल्या पदार्थांत फसगत कुठे होते?

ओल. एक्लेअरचं (क्रीम भरलेल्या लांबट पेस्ट्रीचं) कवच भरल्यानंतर काही तासांत क्रीमची ओल शोषून चामड्यासारखं होतं. मागितल्यावर भरून देणारं दुकान मिळालं तर तिथेच थांबा. फळांच्या टार्टचा तळ ओला होऊ नये म्हणून आत चॉकलेटचा किंवा कोको बटरचा पातळ थर देतात. काटा टोचल्यावर तळ कडक्कन तुटला, तर ते काम झालंय. फळांवरचा जाड, थरथरणारा पारदर्शक लेप बऱ्याचदा कालची फळं झाकतो.

शाकाहारी आहे, अंडं किंवा विशिष्ट घटक चालत नाही. काय विचारावं?

‘व्हेज आहे का?’ एवढ्या प्रश्नाला घाईत ‘हो’ मिळतं. घटकाचं नाव घेऊन विचारा. मूस, चीजकेक, पन्ना कोटा आणि आरशासारखा चकचकीत लेप असलेल्या केकमध्ये जिलेटिन असू शकतं, ते प्राण्यांचं असतं. काही पारंपरिक पेस्ट्रींच्या पिठात डुकराची चरबी वापरतात. क्रोसाँच्या पिठात अंडं नसलं तरी वरून बहुधा अंड्याचा हात फिरवलेला असतो. तिरामिसूत कच्चं अंडं आणि मद्य दोन्ही असू शकतं.

सुक्या मेव्याची ॲलर्जी असेल तर मॅकरॉन टाळाच, त्याचं पीठच बदामाचं. सीलिअ‍ॅक (गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होणारा आजार) असलेल्यांनी लहान बेकरीतला ‘ग्लुटेनमुक्त’ केक खाऊ नये, मग तो कितीही मनापासून बनवलेला असो. गव्हाचं पीठ हवेत तरंगतं, ट्रे आणि सुऱ्या सामाईक असतात. पूर्ण वेगळं स्वयंपाकघर असलेलं दुकानच शोधावं.

पायऱ्या, व्हीलचेअर, बाबागाडी यांचं काय?

हा प्रश्न घरातून निघण्याआधीच फोनवर सोडवा. जुन्या दारांना उंबरा असतोच, आणि संरक्षित दर्शनी भागाला कायमचा उतार जोडायची परवानगी सहसा मिळत नाही. काही दुकानं सुटा, घडीचा उतार ठेवतात. तो कोपऱ्यात असतो आणि मागितल्याशिवाय कुणी काढत नाही. तीन प्रश्न विचारा: दाराशी किती पायऱ्या, दाराची रुंदी किती, स्वच्छतागृह कुठल्या मजल्यावर. तिसऱ्याचं उत्तर फार वेळा ‘तळघरात, गोल जिन्याने’ असं असतं. बारीक चाकांची बाबागाडी दगडी फरसबंदीत अडकते. मोठ्या चाकांची घ्या किंवा बाळाला झोळीत.

किती वेळ बसलेलं चालतं?

सहा टेबलांच्या दुकानात गर्दीच्या वेळी एका पेयावर ४५ मिनिटं पुरेत. लॅपटॉप उघडण्याआधी विचारा. जुन्या इमारतीत प्लगपॉइंट मोजकेच असतात आणि त्यातल्याच एखाद्यावर फ्रिज चाललेला असतो. फोटो काढायला हरकत नसते, पण कामगारांचे आणि इतर गिऱ्हाइकांचे चेहरे विचारल्याशिवाय नकोत, आणि फ्लॅश तर नकोच.

दुकान बंद निघालं किंवा माल संपला तर?

शनिवार-रविवार राबणारी छोटी दुकानं आठवड्याच्या सुरुवातीला सुट्टी घेतात, आणि नकाशावरच्या वेळा अद्ययावत असतीलच असं नाही. दुकानाच्या स्वतःच्या सोशल मीडिया पानावर त्या दिवशीची सूचना असते. खास एखाद्या पदार्थासाठी जात असाल तर आदल्या दिवशी फोन करून एक बाजूला ठेवायला सांगा. बरेच जण ठेवतात, फक्त दिलेल्या वेळेला पोचा.

घरी काय न्यावं आणि कसं ठेवावं?

क्रीम, कस्टर्ड भरलेलं काहीही बाहेरच्या तापमानात दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका. ऊन ३२ अंशांवर असेल तर एक तास. म्हणून अशी खरेदी शेवटी, परतीच्या वाटेवर करा आणि बर्फाची पिशवी मागून घ्या.

पाव अखंड घ्या, कागदी पिशवीत. प्लास्टिकमध्ये कवच मऊ पडतं. पाव फ्रिजमध्ये ठेवणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक: शून्य ते पाच अंशांच्या आसपास पिठातला स्टार्च सगळ्यात वेगाने घट्ट होतो आणि पाव बाहेर ठेवल्यापेक्षा लवकर शिळा लागतो. दोन दिवसांत संपणार नसेल तर काप करून सरळ फ्रीझरमध्ये टाका आणि लागेल तसे थेट टोस्टरमध्ये. क्रोसाँ १६० अंशांच्या ओव्हनमध्ये पाच-सात मिनिटांत पुन्हा कुरकुरीत होतो, मायक्रोवेव्हमध्ये मात्र रबर.

कॉफीच्या बिया घेताना पाकिटावर भाजणीची तारीख शोधा. फक्त ‘अमुक तारखेपर्यंत वापरा’ असेल तर ठेवून द्या. भाजल्यापासून आठवडाभराने ते महिनाभरापर्यंतचा काळ सगळ्यात चांगला. दळून मागू नका, घरी दळणयंत्र नसेल तर निदान कशात करणार ते सांगा: मोका पॉट, फ्रेंच प्रेस आणि गाळणी, तिघांचं दळण वेगळं.